मेल फॉरवर्ड होतो, पण पोचत नाही: अडतंय कुठे ते शोधायची रीत

भोसरीत वर्कशॉप आहे, स्वतःचं डोमेन आहे, व्हिजिटिंग कार्डावर ‘सेल्स@’ने सुरू होणारा पत्ता छापलाय आणि त्या पत्त्यावर येईल ते सगळं मालकाच्या जीमेलला फॉरवर्ड होतंय. कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीचा ‘सेक्रेटरी@’ किंवा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्याचा ‘ऑर्डर्स@’ घ्या, व्यवस्था हीच. स्वस्तात होते, दहा मिनिटांत होते. मग एक दिवस चाकणहून फोन येतो, ‘‘अहो, आरएफक्यू (दर विचारणारा मेल) पाठवून आठ दिवस झाले, तुमचं कोटेशन कुठंय?’’ इनबॉक्स बघितला, स्पॅम बघितला, कुठेच काही नाही.

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते सेटिंग बदलत सुटतो आणि जे चालू होतं तेही बंद पाडतो. मेल वाटेत नेमका कुठे थांबला हे आधी काढलं, तर दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची निघते.

पुढे ‘उदाहरण.इन’ हे तुमचं डोमेन धरलंय. बटणांची नावं आणि रेकॉर्ड (डोमेनच्या नोंदी) देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्ष टाकताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचे, अपवाद आहे तिथे खाली सांगितलाय.

गेटवरचा वॉचमन काय बघतो

सोसायटीच्या गेटवर कडक वॉचमन आहे असं धरा. मिठाईच्या दुकानाने त्याच्याकडे पोऱ्यांची यादी देऊन ठेवलीय, की आमच्या नावाने पार्सल आणणारे हेच. ती यादी म्हणजे एसपीएफ. डब्यावर दुकानाचं सील आहे, ते शाबूत असेल तर डबा वाटेत कुणी उघडला नाही हे कळतं. ते डीकेआयएम. आणि दुकानाने एक लेखी सूचनाही दिलीय: आणणारा यादीत नसेल आणि सीलही फाटलेलं असेल, तर डबा आत सोडा, बाजूला ठेवा किंवा परत पाठवा. ती सूचना म्हणजे डीमार्क.

आता फॉरवर्डिंग. डबा आधी शेजारच्या सोसायटीत काकूंकडे पोचला आणि त्यांनी आपल्या मुलाच्या हातून तो तुमच्याकडे धाडला. डब्यावर नाव दुकानाचंच, पण आणणारा मुलगा यादीत नाही. एसपीएफ इथे फेल होणारच. ही चूक तुमची नाही आणि पाठवणाऱ्याचीही नाही. सगळी भिस्त राहते सीलवर. सील शाबूत असेल तर डीमार्क पास होतं, कारण डीमार्कला दोन्हीपैकी एक पुरतं. अट एवढीच की जे पास होईल ते ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनच्याच नावाचं असलं पाहिजे.

इथे एक बारकी पण फार छळणारी गोष्ट आहे. एसपीएफची तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या ‘फ्रॉम’वर होत नाही, ती होते ‘रिटर्न-पाथ’मधल्या पत्त्यावर, म्हणजे न पोचलेला मेल ज्या पत्त्यावर परत जातो त्यावर. त्यामुळे काही होस्टिंगवाले एसआरएस नावाची सोय देतात. तिच्यात फॉरवर्ड करणारा सर्व्हर रिटर्न-पाथ स्वतःच्या नावाचा करून टाकतो. एसपीएफ लगेच पास दिसतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. पण डीमार्कला त्याचा उपयोग नाही, कारण आता ते नाव ‘फ्रॉम’शी जुळत नाही. एसआरएस असलेलं चांगलंच, मात्र सील फाटलं असेल तर ते वाचवू शकत नाही.

सील फाटतं कशाने? मेलला हात लावल्याने. विषयाच्या आधी ‘[सोसायटी]’ असं जोडलं, खाली ‘हा मेल व्हायरससाठी तपासलेला आहे’ अशी ओळ चिकटवली, की डीकेआयएम गेलं. फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरवर असली सजावट चालू असेल तर आधी ती बंद करा.

हे नियम जुनेच आहेत, पण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने ते आवळले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच, आणि दिवसाला ५,०००पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवीत. मे २०२५ पासून आउटलुक डॉट कॉमनेही मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हाच नियम लावला. ‘पाच वर्षं चालत होतं, आत्ताच काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

चाचणी तिसऱ्याच खात्यावरून करा

ही पायरी चुकली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. ‘सेल्स@उदाहरण.इन’ हा पत्ता तुमच्या जीमेलला फॉरवर्ड होतोय, आणि तुम्ही त्याच जीमेलवरून ‘सेल्स@’ला टेस्ट मेल टाकला. परत आलेला मेल इनबॉक्समध्ये दिसणारच नाही. जीमेल बघतं की हा मेसेज-आयडी (प्रत्येक मेलचा स्वतंत्र क्रमांक) आपल्याकडे आधीच ‘सेंट’मध्ये आहे, आणि दुसरी प्रत गुपचूप टाकून देतं. फॉरवर्डिंग ठणठणीत असतं आणि माणूस होस्टिंगवाल्याशी भांडत बसतो.

म्हणून चाचणी अशी करा:

१. या साखळीत कुठेही नसलेल्या खात्यावरून मेल पाठवा. शक्य असेल तर दोन वेगळ्या ठिकाणांहून, एक याहू किंवा आउटलुक आणि एक एखाद्या ऑफिसचा पत्ता.

२. विषयात वेळ लिहा: ‘टेस्ट ११.४०’. नुसतं ‘टेस्ट’ लिहिलेले सहा मेल नंतर ओळखू येत नाहीत.

३. पंधरा मिनिटं थांबा. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘नंतर या’ म्हणून परतवतात आणि पुन्हा आल्यावर घेतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. उशीर होतो, मेल हरवत नाही.

४. जीमेलमध्ये इनबॉक्स, स्पॅम, ‘प्रमोशन्स’ आणि ‘ऑल मेल’ बघा. शोधताना ‘इन:एनीव्हेअर’ टाकून विषय शोधला तर स्पॅम आणि ट्रॅशही धुंडाळलं जातं.

५. पाठवलेल्या खात्यात बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही असं सांगणारा मेल, आलाय का ते बघा. आला असेल तर डिलीट करू नका, सगळ्यात मौल्यवान कागद तोच.

होस्टिंगला सीपॅनेल (होस्टिंगची सेटिंग्ज सांभाळायचं पॅनेल) असेल तर ‘ट्रॅक डिलिव्हरी’ उघडा आणि तुमचा पत्ता टाका. तिथे प्रत्येक मेलसमोर तो आला, पुढे गेला की नाकारला गेला हे दिसतं, आणि नाकारला असेल तर समोरच्या सर्व्हरचं कारणही. तिथे मेलची नोंदच नसेल, तर गडबड फॉरवर्डिंगच्याही आधीची आहे: एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर यायचे ते सांगणारी नोंद) चुकलंय, डोमेनची मुदत संपलीय किंवा पाठवणाऱ्यानेच पत्ता चुकीचा टाकलाय.

कारणाच्या ओळीतला पहिला आकडा बघा. ४ने सुरू होत असेल (४२१, ४५१) तर नकार तात्पुरता आहे, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहील. ५ने सुरू होत असेल (५५०, ५५२) तर विषय संपला, मेल परत गेला. नेहमी भेटणारे चार कोड:

५.७.२६ म्हणजे जीमेलला पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. एसपीएफ नाही आणि डीकेआयएमही नाही.

४.७.२८ म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरून नको असलेल्या मेलचा ओघ वाढलाय. हा स्पॅम फॉरवर्ड केल्याचा परिणाम, त्याबद्दल खाली.

५.७.५२० म्हणजे पत्ता मायक्रोसॉफ्ट ३६५वर आहे आणि कंपनीबाहेर आपोआप फॉरवर्ड करायला परवानगी नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये ही बंदी मुळातच चालू असते. डिफेंडरमधल्या आउटबाउंड स्पॅम पॉलिसीत ॲडमिनने ती उठवावी लागते, तुमच्या इनबॉक्सच्या नियमांत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला. हे वाचून लोक हसतात, पण फार वेळा निघतं हेच. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंबरोबर वाटलेली असते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. गणपतीत काढलेल्या व्हिडिओंमुळे ऑर्डरचे मेल परत जाऊ शकतात ते असे.

सीपॅनेलमध्ये याचा जुळा भाऊ आहे. ‘सेल्स@’ नावाचा मेलबॉक्सही आहे आणि त्याच नावाचा फॉरवर्डरही, तर मेल दोन्हीकडे जातो. तुम्ही जीमेलवर वाचता, मेलबॉक्स मात्र वर्षानुवर्षं न उघडलेला तसाच भरत राहतो. एक दिवस त्याचा कोटा संपतो आणि पाठवणाऱ्याला ‘मेलबॉक्स फुल’चा बाउन्स जायला लागतो, तुमच्याकडे प्रत येत असतानासुद्धा. मेलबॉक्स नको असेल तर काढा, हवा असेल तर महिन्याने रिकामा करा.

फॉरवर्डिंग चालू करताना

जीमेलमधून दुसरीकडे पाठवायचं असेल तर मोबाइल ॲपमध्ये शोधू नका, ही सोय कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच आहे. ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’, मग ‘ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस’. ज्या पत्त्यावर पाठवायचंय तिथे एक पडताळणीचा मेल जातो, त्यातल्या लिंकवर क्लिक करायचं किंवा कोड आणून टाकायचा. हा मेल मिळत नाही अशी तक्रार फार असते. तो समोरच्या खात्याच्या स्पॅममध्ये बघा, आणि ऑफिसचा पत्ता असेल तर तिथल्या आयटीवाल्याला क्वारंटाइनमध्ये बघायला सांगा.

कोड टाकला की काम झालं असं वाटतं, पण नाही झालेलं. त्याच पानावर ‘फॉरवर्ड अ कॉपी’चा गोल बटणवाला पर्याय निवडून, शेजारी ‘कीप जीमेल्स कॉपी इन द इनबॉक्स’ ठेवून, पार खाली जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबावं लागतं. खालचं बटण न दाबता टॅब बंद करणारे पुष्कळ. आणि हेही लक्षात असू द्या की जीमेल स्पॅममध्ये टाकलेले मेल पुढे पाठवत नाही. मधल्या खात्याचं स्पॅम अधूनमधून बघावंच लागतं.

सीपॅनेलमध्ये ‘फॉरवर्डर्स’, ‘ॲड फॉरवर्डर’, वरच्या चौकटीत ‘सेल्स’, खाली जीमेलचा पत्ता. पडताळणी वगैरे काही नाही. त्यामुळे जीमेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं तर तुमचे मेल निवांत दुसऱ्याच कुणाकडे जात राहतील. टाकून झाल्यावर पत्ता एकदा मोठ्याने वाचा.

शो ओरिजिनल: तीन ओळी वाचायला शिका

मेल स्पॅममध्ये सापडला असेल तर तो जीमेलमध्ये उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात असं काहीसं दिसेल:

एसपीएफ: सॉफ्टफेल, आयपी २०३.०.११३.२५
डीकेआयएम: ‘पास’, डोमेन कंपनी.कॉम
डीमार्क: ‘पास’

आयपी तुमच्या होस्टिंगचा आहे, चाकणच्या कंपनीचा नाही. शेजारचा मुलगाच तो. म्हणून सॉफ्टफेल, म्हणजे सौम्य नापास. पण सील शाबूत आहे, त्यामुळे डीमार्क पास. ओळखीची अडचण इथे नाहीच. मेल स्पॅममध्ये गेलाय तो मजकुरामुळे किंवा होस्टिंगच्या आयपीची पत घसरल्यामुळे. अशा वेळी एसपीएफ दुरुस्त करायला बसणं म्हणजे म्हशीला झालेला आजार आणि इंजेक्शन पखालीला. इथे उपाय सोपा: जीमेलमध्ये फिल्टर करा, ‘टू’मध्ये सेल्स@उदाहरण.इन, आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण. (तोटाही ऐका: मग खरा स्पॅमसुद्धा इनबॉक्समध्येच येईल.)

दुसरं चित्र: एसपीएफ पास, डोमेन मात्र तुमच्या होस्टिंगचं, डीकेआयएम फेल, डीमार्क फेल. म्हणजे एसआरएस चालू आहे आणि कुणीतरी मेलला हात लावलाय. विषयातला कंस किंवा तळटीप शोधा.

तिसरं: डीकेआयएमची ओळच नाही. पाठवणाऱ्याने सीलच लावलेलं नाही. तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही, त्यांच्या आयटीला कळवा. तोवर त्यांना थेट जीमेलचा पत्ता द्या, त्यात कमीपणा नाही.

फिल्टर उपयोगी पडतो तो जीमेलच्या आत आलेल्या मेललाच. गेटवरूनच ५५० म्हणून परत गेलेल्याला तो आणू शकत नाही.

स्वतःच्या डोमेनचे रेकॉर्ड

हे तुमच्या डोमेनवरून बाहेर जाणाऱ्या मेलसाठी. आत येणाऱ्या फॉरवर्डिंगशी याचा थेट संबंध नाही, पण तुमची उत्तरं आणि वेबसाइटच्या फॉर्मचे मेल यावरच चालतात.

सुरुवातीलाच बघा की डीएनएस, म्हणजे डोमेनच्या या नोंदींची वही, राहतं कुठे. डोमेन एका कंपनीकडून घेतलं, होस्टिंग दुसरीकडे, आणि वेबसाइट करणाऱ्या मुलाने मध्येच नेमसर्व्हर (ही वही जगाला दाखवणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअर या सेवेवर नेले. असं असेल तर रेकॉर्ड क्लाउडफ्लेअरमध्ये टाकायचे. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये टाकलेले रेकॉर्ड जगाला दिसतच नाहीत, जरी तिथे हिरवी खूण येत असली तरी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप -टाइप=एनएस उदाहरण.इन’ टाकलं की खरे नेमसर्व्हर कळतात. ‘एनएस’च्या जागी ‘एमएक्स’ किंवा ‘टीएक्सटी’ टाकून तेही बघता येतं.

एसपीएफ: प्रकार टीएक्सटी, होस्ट ‘@’, मजकूर, मेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर, ‘व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल’. एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच असतं. होस्टिंगने टाकलेलं एक आधीच आहे आणि तुम्ही दुसरं टाकलं, तर दोन्ही बाद होतात. नवं टाकू नका, जुन्याच ओळीत इन्क्लूड वाढवा, ‘~ऑल’च्या आधी. शिवाय इन्क्लूड, ए, एमएक्स यांसारखे तपास मिळून १०च्या वर गेले की पुन्हा अख्खं रेकॉर्ड अवैध ठरतं. इन्क्लूडच्या पोटातली इन्क्लूडही यात मोजली जातात. दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या न्यूजलेटर सेवेची ओळ अजून तिथेच असेल तर काढून टाका. ‘आयपी४:’ने लिहिलेले पत्ते या मोजणीत येत नाहीत.

बऱ्याच जणांना मोह होतो की फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरचा आयपी आपल्या एसपीएफमध्ये टाकला की भागेल. नाही भागत. तपासली जाते पाठवणाऱ्या कंपनीची यादी, तुमची नाही.

डीकेआयएम: गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोल, ‘ॲप्स’, ‘गूगल वर्कस्पेस’, ‘जीमेल’, ‘ऑथेंटिकेट ईमेल’. २०४८ बिटची किल्ली घ्या आणि छोटी-मोठी अक्षरं न बदलता जशीच्या तशी चिकटवा. होस्ट ‘गूगल._डोमेनकी’. ही किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत मावत नाही. चांगली पॅनेलं आपोआप तुकडे पाडतात. काही जुनी पॅनेलं शेपूट कापून टाकतात आणि सांगतही नाहीत. सेव्ह केल्यावर शेवटची आठ-दहा अक्षरं मूळ किल्लीशी ताडून बघा. तुकडे हाताने पाडावे लागले तर दोन्ही अवतरणचिन्हांत, एकामागोमाग एक. रेकॉर्ड सर्वत्र पोचायला ४८ तासही लागू शकतात. त्यानंतर त्याच पानावर परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं. रेकॉर्ड टाकून निवांत झालेल्यांचं डीकेआयएम कित्येक महिने बंदच असतं, या एका बटणापायी. सीपॅनेलवर मेल असेल तर ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ उघडा; काय कमी आहे ते तिथेच दिसतं आणि डीएनएस त्याच होस्टिंगवर असेल तर ‘रिपेअर’ दाबून भरताही येतं.

डीमार्क: होस्ट ‘_डीमार्क’, मजकूर ‘व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:रिपोर्ट@उदाहरण.इन’. यातला ‘डीमार्क१’ तेवढा इंग्रजी मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत टाकला तर रेकॉर्ड बाद. होस्टच्या रकान्यात पूर्ण ‘_डीमार्क.उदाहरण.इन’ लिहू नका, बरीच पॅनेलं पुढे डोमेन स्वतःच जोडतात आणि रेकॉर्ड ‘_डीमार्क.उदाहरण.इन.उदाहरण.इन’ या नावाने जन्माला येतं. अहवालाचा पत्ता आपल्याच डोमेनचा द्या. जीमेलचा दिला तर नियम पाळणारे सर्व्हर अहवाल पाठवत नाहीत, कारण परक्या डोमेनवर अहवाल पाठवायला त्या डोमेनची डीएनएसमधली संमती लागते. सुरुवात ‘नन’नेच करा. काही आठवडे अहवाल बघून, तुमचे सगळे खरे मेल पास होताहेत याची खात्री पटली की मग ‘क्वारंटाइन’. कुणाच्या सांगण्यावरून पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर टॅली किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी तुमची बिलंच परत यायला लागतील.

वेबसाइटचा फॉर्म

‘याहूवाल्या गिऱ्हाइकांचीच चौकशी येत नाही’, असं कुणी म्हणालं की थेट फॉर्म बघा. बरेच फॉर्म गिऱ्हाइकाने भरलेला पत्ताच ‘फ्रॉम’मध्ये टाकून मेल धाडतात. म्हणजे तुमचा सर्व्हर स्वतःला याहू म्हणवतो. याहूचं डीमार्क ‘रिजेक्ट’ आहे, मेल गेटवरूनच परत. जीमेलचा पत्ता भरलेले बहुधा स्पॅममध्ये जातात. ‘फ्रॉम’मध्ये ‘वेबसाइट@उदाहरण.इन’ असा आपलाच पत्ता ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. वर्डप्रेस असेल तर एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगइन टाकून मेल खऱ्या खात्यातून लॉगिन करून पाठवा, पोर्ट ५८७.

आणखी एक फसवं दुखणं: मेल गूगल किंवा झोहोवर नेलाय, वेबसाइट जुन्या सीपॅनेलवरच आहे. बाहेरचे सगळे मेल व्यवस्थित येतात, फक्त स्वतःच्या वेबसाइटचे येत नाहीत. सीपॅनेलला अजून वाटतंय की या डोमेनची पोस्ट आपल्याच घरी आहे, आणि ते मेल आतल्या आत ठेवून घेतं. ‘ईमेल राउटिंग’मध्ये जाऊन ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. मिनिटभराचं काम.

स्पॅम पुढे ढकलू नका

जीमेलच्या नजरेत फॉरवर्ड केलेला स्पॅम तुमच्या सर्व्हरनेच आणलेला असतो. रोज शंभर लॉटऱ्या आणि बनावट कुरिअरच्या नोटिसा तुम्ही त्याच्या दारात नेऊन टाकल्या, तर तुमच्या खऱ्या ऑर्डरकडेही तो संशयाने बघणार. सगळ्यात आधी कॅच-ऑल, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही नावाने आलेला मेल स्वीकारणं, बंद करा. सीपॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट ॲड्रेस’ असतो. कुणी तिथे जीमेलचा पत्ता टाकून ठेवलेला असेल तर अस्तित्वात नसलेल्या ‘एबीसी@’, ‘ॲडमिन१@’ अशा हव्या त्या पत्त्यावर आलेली घाणही पुढे जाते. तिथे ‘डिसकार्ड विथ एरर’ निवडा. मग ‘स्पॅम फिल्टर्स’ चालू करा. त्याची नेहमीची मर्यादा ५ गुणांची असते. ‘ग्लोबल ईमेल फिल्टर्स’मध्ये ‘स्पॅम बार’ या अटीत आठ अधिकचिन्हं टाकून तेवढे मेल टाकून द्या. पाचवर टाकून देण्याची घाई करू नका. छोट्या कारखान्यांची कोटेशनं, तीन पीडीएफ आणि मोठ्या अक्षरांतला ‘अर्जंट’, सहज पाचापर्यंत पोचतात.

बँक आणि ओटीपी

बँका, सरकारी पोर्टल यांचे मेल फॉरवर्डिंगवर ठेवू नयेत, हे स्पष्टच सांगायला हवं. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते आणि मधल्या सर्व्हरवर मेल दहा मिनिटं रेंगाळला तरी तो निरुपयोगी. जीएसटी पोर्टल, बँक, डोमेनचं स्वतःचं खातं, इथे थेट वाचता येणारा पत्ता नोंदवा. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता देणं तर घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखं आहे: डोमेन संपतंय ही सूचना, डोमेन संपल्यावर येणार कशी?

बँकेच्या मेलसाठी जुने फिल्टर असतील तर ते तपासा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘.बँक.इन’ या डोमेनवर जायला सांगितलं होतं. ‘फ्रॉम’मध्ये बँकेचं जुनं डोमेन लिहून केलेला फिल्टर आता नव्या पत्त्यावरून आलेला मेल पकडत नाही, आणि अकाउंटंटकडे स्टेटमेंट जाणं अचानक बंद होतं.

फॉरवर्डिंग सोडायचं कधी

मेल हरवला तर पैशाचं नुकसान होईल असा पत्ता असेल, तर फॉरवर्डिंगवर राहू नका. महिन्याचा खर्च असला तरी खरा मेलबॉक्स घ्या आणि तो फोनवर थेट जोडा. जीमेलमधल्या ‘चेक मेल फ्रॉम अदर अकाउंट्स’ या पॉपच्या सोयीकडेही वळू नका. ती २०२६पासून बंद करत नेत असल्याचं गूगलने जाहीर केलंय. एकाच माणसाचे ‘इन्फो@’, ‘सेल्स@’ असे चार पत्ते हवे असतील तर चार फॉरवर्डर नकोत, एका मेलबॉक्सला चार अलायस (टोपणपत्ते) पुरतात. सोसायटीच्या कमिटीसारखं पाच जणांना वाचायचं असेल तर गूगल ग्रुप करा. ग्रुपमधून आलेल्या काही मेलवर पाठवणाऱ्याच्या नावापुढे ‘व्हाया’ दिसेल; डीमार्क कडक असलेल्या डोमेनचा ‘फ्रॉम’ ग्रुप स्वतःच बदलून घेतो, म्हणून. तो दोष नाही.

सध्या फॉरवर्डिंगच ठेवणार असाल तर उत्तर कुठून जातंय ते बघा. जीमेलवरून ‘रिप्लाय’ केलं की गिऱ्हाइकाला तुमचा खासगी पत्ता दिसतो. ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये ‘सेंड मेल ॲज’ खाली ‘सेल्स@उदाहरण.इन’ जोडा, ‘ट्रीट ॲज ॲन अलायस’ची खूण काढा आणि एसएमटीपी सर्व्हर तुमच्या होस्टिंगचा द्या, पोर्ट ५८७ आणि टीएलएस. त्यासाठी लागणारा पासवर्ड ‘सेल्स@’ मेलबॉक्सचा, म्हणून इथे नुसता फॉरवर्डर पुरत नाही, मेलबॉक्सही लागतो. पडताळणीचा कोड ‘सेल्स@’वर येईल आणि फॉरवर्ड होऊन तुमच्याच जीमेलला पोचेल. तो पंधरा मिनिटांत आला नाही, तर वरच्या चाचणीकडे परत जा.

कामावरचा माणूस सोडून गेला की त्याच दिवशी फॉरवर्डर्सची यादी, जीमेलमधला फॉरवर्डिंगचा टॅब आणि प्रत्येक फिल्टर उघडून बघा. खातं हॅक झालं तरीही हेच, पासवर्ड बदलल्याबरोबर. पासवर्ड बदलला म्हणून जुनं फॉरवर्डिंग थांबत नाही.